मावशीचा धबधबा

पाळणाघरातली मुलं तिला मावशी म्हणायची, मुलांच्या आया मावशी म्हणायच्या, आणि हळूहळू त्या आयांचे नवरे, दूधवाला, विजेचं मीटर बघायला येणारा माणूस, सगळेच मावशी म्हणायला लागले. खरं पाहता ती सख्खी मावशी एकाच मुलीची, थोरल्या बहिणीच्या लेकीची. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणारी माणसंही एव्हाना विचारून दमली होती.

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं पाळणाघर. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या रबरी चटया, खिडकीखाली पाण्याच्या बाटल्यांची रांग, दाराशी तळहातावर मावतील असे बूट. आतली खोली म्हणायला तिची स्वतःची. दुपारी तिथे तान्ही झोपायची, म्हणजे ती खोली तिला रात्रीपुरतीच मिळायची.

तिच्याकडे कायदा एकच होता: झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही. कामावरून धावतपळत आलेली आई दारात उभी राहिली आणि पोर झोपलेलं असलं, तर आईने पायरीवर बसायचं आणि वाट बघायची. एकदा एक बँकेतली बाई "मला वेळ नाहीये" म्हणत आत घुसायला निघाली, तेव्हा मावशी दारात आडवी झाली आणि कुजबुजत म्हणाली, "बाई, तुम्हाला वेळ नाहीये, पण त्याला झोप आहे." बाई मुकाट्याने पायरीवर बसली.

आणि मुलं झोपवण्यात तर मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन बोटं भुवयांच्या मधून नाकाच्या शेंड्यापर्यंत हलकेच फिरवायची, पुन्हा वर न्यायची, पुन्हा खाली आणायची, आणि घशातल्या घशात एकच सूर धरून ठेवायचा. त्या सुराला ना शब्द, ना चाल. आकांत करणारं पोरही त्याच्यापुढे नांगी टाकायचं. स्वतः मावशी मात्र सारं आयुष्य कुजबुजत जगली. दार हळू लाव, भांडं हळू ठेव, हळू हस. शिटी होते म्हणून तिने कुकर वापरणंसुद्धा सोडून दिलं होतं.

या पाळणाघरातलं पहिलं मूल म्हणजे तिची भाचीच. बहीण नोकरीला जायची, तेव्हा पोरगी मावशीकडे. पुढे भाची शिकली, मोठ्या कंपनीत लागली, तिथल्याच एका हुशार मुलाशी लग्न करून मोकळी झाली आणि दोन मुलांची आई झाली. थोरला तीन वर्षांचा, त्याला सगळे ढब्बू म्हणत. धाकटी दीड वर्षाची, ती पिटी. दोघंही गोड आणि दोघंही महा हट्टी.

तर या भाचीने परदेशात सुट्टीला जायचं ठरवलं. बस नको, घोळका नको, गाडी भाड्याने घ्यायची, आपली आपण चालवायची, डोंगर, जंगल, तळी बघत हिंडायचं. मुलं लहान, म्हणून सोबत तिची आई जाणार होती. पण ऐनवेळी आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही सांगितलं, आणि भाची लॅपटॉप घेऊन मावशीच्या दारात हजर झाली.

"मावशी, तू चल. आयुष्यभर लोकांची पोरं सांभाळलीस, आता जरा जग बघ की गं."

"मी येऊन काय करू? मला तिथलं काही कळायचं नाही."

"कळायचंय काय त्यात? डोळे आहेत ना, बघायचं. हे बघ, आम्ही इथे इथे जाणार. यातलं तुला काय बघायचंय ते सांग. तू म्हणशील ते बेतात घालते."

मावशी गोंधळली. तुला काय हवंय, असं तिला कुणी विचारत नसे. भाजीवालादेखील तिला न विचारता पिशवीत भाजी टाकायचा. ती पडद्यावरची चित्रं बघत राहिली. निळं तळं, बर्फाचा डोंगर, पिवळी रानफुलं. मग एक धबधबा आला. काळ्या कातळावरून पाण्याचा पांढरा लोट कोसळत होता आणि खाली उभी असलेली माणसं मुंगीएवढी दिसत होती.

"हा," मावशी म्हणाली. "याचा आवाज केवढा येत असेल गं."

"काही बोललेलं ऐकू येत नाही म्हणे तिथे."

"मग हाच."

भाची हसली. पण मावशीला त्या दिवसापासून वेडच लागलं. जिथे कुणीच कुणाला हळू म्हणू शकत नाही अशी एक जागा जगात आहे आणि तिथे आपण उभं राहणार आहोत, या विचाराने तिला भांडी घासता घासता हसू यायचं. तिने पाळणाघर बंद ठेवायचं जाहीर केलं. आया कुरकुरल्या, पण ती बधली नाही. पाण्यातून चालायला बरे म्हणून रबरी तळव्यांचे बूट घेतले. शेजारणींनी "मावशी, परदेशी चाललात" म्हणून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती आनंदाने चढून बसली.

विमानतळाबाहेर गाडी ताब्यात घेतली तेव्हाच पहिला तमाशा झाला. मुलांच्या दोन खुर्च्या मागच्या सीटवर बांधायच्या होत्या. जावईबापू हुशार, पण पट्टे त्यांच्याहून हुशार निघाले. एक पट्टा खालून घातला की दुसरा वरून सुटायचा. ढब्बू भोकाड पसरून रडत होता, पिटीने बूट फेकून दिला होता, आणि भाची माहितीपत्रक वाचून दाखवत होती. अखेर खुर्च्या बसल्या. दोन खुर्च्यांच्या मधे जी चिंचोळी, खालून टणक उंचवट्याची जागा उरली, तिथे मावशीने बसायचं हे कुणी सांगितलं नाही. ते तसंच होतं.

गाडीचं स्टिअरिंग उलट्या बाजूला. वळायचं झालं की जावईबापू सवयीने इंडिकेटरऐवजी भलतीच काडी ओढायचे आणि लख्ख उन्हात वायपर फिरायला लागायचे. "मावशी, बघा, तुमच्यासाठी पाऊस पाडतोय," ते म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना हसू यायचं. मावशीलाही आलं.

भाचीने बेत मोठ्या अकलेने आखला होता. मुलं गाडीत झोपतात, तेव्हा लांबचा रस्ता त्यांच्या झोपेच्या वेळी कापायचा. म्हणजे रडारड नाही, आणि पोहोचल्यावर मुलं ताजीतवानी. कागदावर झकास. फक्त एवढंच कुणाच्या लक्षात आलं नाही, की भाचीने झोप धरली होती तिच्या स्वतःच्या हातची, म्हणजे अर्ध्यामुर्ध्या तासाची. मावशीच्या हातची झोप तशी नसते. ती दोन्ही हातांची बोटं दोन नाकांवरून फिरवायची, सूर धरायची, आणि पोरं जी गाढ व्हायची ती दोन-दोन तास हलायची नाहीत. तळं यायचं, डोंगर यायचा, गाडी थांबायची, आणि दोघं तोंडं उघडी टाकून घोरत असायची.

"काय हात आहे गं तुझा," पहिल्या दिवशी भाची कौतुकाने कुजबुजली. "आता यांना उठवायला नको. आपण आळीपाळीने जाऊ. आम्ही पाच मिनिटांत आलोच, मग तू जा."

ती दोघं गेली. कित्येक महिन्यांनी एकमेकांचा हात धरून चालत होती, ते बघून मावशीलाही बरं वाटलं. पाच मिनिटं म्हणता म्हणता तास झाला. ती आली तेव्हा मुलं नुकतीच उठून भुकेने किंचाळत होती, मग दूध, मग कपडे बदलणं, मग "अगं, पुढचं ठिकाण बंद होईल." आणि गाडी सुटली. मावशीने मागच्या काचेतून वळून पाहिलं. झाडांमागे निळं काहीतरी चमकलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाचीने "मग तू जा" हे म्हणणंही सोडलं.

त्या देशाचा निसर्ग कसा आहे हे मावशीला सांगता आलं नसतं, पण तिथले वाहनतळ कसे आहेत यावर तिने तासभर व्याख्यान दिलं असतं. खडी कुठली, पांढरे पट्टे कुठे पुसलेत, कचऱ्याच्या पेट्यांना अस्वलांनी उघडू नयेत म्हणून कशा कड्या लावल्यात. लोक गाड्यांतून उतरायचे, जाकिटं चढवायचे आणि झाडांत नाहीसे व्हायचे. परत यायचे तेव्हा त्यांचे चेहरे वेगळे असायचे. मावशी ते चेहरे बघायची. तिच्या वाट्याला आलेली प्रेक्षणीय स्थळं तीच.

एका ठिकाणी वाहनतळाची राखण करणारी जाडजूड बाई काचेशी आली. भाषा कुणाची कुणाला कळेना. बाईने झोपलेल्या मुलांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे, मग मावशीला हाताने खुणावलं, जा, बघून ये, मी आहे इथे. मावशीचा जीव क्षणभर दारापर्यंत गेला. पण दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेलं पोर तिसऱ्याच्या हवाली करायचं, हे तिने जन्मात केलं नव्हतं. तिने हात जोडून नको म्हटलं. बाई खांदे उडवून निघून गेली.

संध्याकाळी खोलीवर भाची घरच्यांना फोटो पाठवायची. एकदा फोनवर तिच्या आईने विचारलं, "मावशी कुठे आहे गं? एकाही फोटोत नाही."

"तिला कुठे हौस आहे चालायची," भाची म्हणाली. "ती गाडीत आरामात बसते. मुलं झोपली की तिला आणखी काही लागत नाही."

मावशी तेव्हा न्हाणीघरात पिटीचे कपडे पिळत होती. दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं. हातातला कपडा तिने इतका पिळला की त्याची शिवण उसवली.

धबधब्याचा दिवस शेवटून दुसरा. त्या सकाळी तिने, आयुष्यात कधी नव्हे ते, नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं, "आज मी बघणार हं. धबधबा मला बघायचाच आहे."

"अगं, आजचा दिवस तुझाच तर आहे," भाची पावाला लोणी लावत म्हणाली.

"आणि मुलं झोपली तर?" जावईबापूंनी विचारलं.

"बघू ना."

बघू म्हणजे काय, हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. बागेत नेशील का, फुगा आणशील का, आई लवकर येईल का, या सगळ्यांवर तिने स्वतः हजारदा हेच उत्तर दिलं होतं. बघू म्हणजे नाही. फक्त नाही म्हटल्यावर पोर रडतं, आणि बघू म्हटल्यावर रडत नाही.

तेव्हा गाडीत बसल्यावर मावशीने तिच्या धंद्याला काळिमा फासणारी गोष्ट केली. तिने मुलांना झोपू दिलं नाही.

रस्ता लांबचा होता, वेळ नेमकी झोपेची. ढब्बू जांभई द्यायला लागला की ती त्याच्या पोटाला गुदगुल्या करायची. पिटीच्या पापण्या जड झाल्या की काच खाली करून गार वारा घ्यायची, आणि मेंढ्या दाखवायची. "ती बघ मेंढी. आणि ती बघ तिची मावशी." बिस्किटं दिली, टाळ्या वाजवल्या, चक्क मोठ्या आवाजात बडबडगीतं म्हटली. जावईबापू आरशातून म्हणाले, "आज मावशी भलत्याच रंगात आल्यात." भाचीही हसली. पिटी कान चोळत होती. पोर कान चोळतं तेव्हा त्याला झोप अनावर झालेली असते, हे मावशीने कितीक आयांना शिकवलं होतं. तिने पिटीचा हात कानावरून काढला आणि तिला दुसरी मेंढी दाखवली. आपण दुष्टपणा करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तरी ती थांबली नाही.

आणि बेत फळाला आला. गाडी थांबली तेव्हा दोघंही टक्क जागी. "अरे वा, आज सगळी फौज," भाची म्हणाली. ढब्बू बापाच्या खांद्यावर बसला. पिटी आईकडे जाईना, तिने मावशीच्या गळ्याला मिठी मारली. मावशीने नवे बूट घातले. आत्तापर्यंत ते पिशवीतच होते.

झाडांतून लाकडी फळ्यांची वाट जात होती. पुढे एक मोठा खडक, वाट त्याला वळसा घालून जायची, आणि त्याच्यापलीकडे धबधबा. आधी नुसती हवा गार झाली. मग पायाखालच्या फळ्या थरथरताहेत असं वाटलं. मग आवाज आला. लांबून, खोलातून, अखंड. मावशीच्या अंगावर काटा आला. ती चालण्याचा वेग वाढवायला लागली, पिटीला घेऊन, एवढ्या वयाची बाई.

तेवढ्यात ढब्बूचं बिनसलं. टोपी नको, खांद्यावर नको, खाली नको. तो फळ्यांवर आडवा पडून पाय झाडायला लागला. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात होते. भाचीच्या नाकी नऊ आले. "झोपेने वेडा झालाय तो," ती मावशीवर उसळली. "रोज झोपवतेस, मग आजच काय झालं तुला?"

"आज लागली नाही त्यांना झोप," मावशी म्हणाली. खोटं बोलताना ती खडकाकडे बघत होती.

जावईबापूंनी ढब्बूला उचलून घेतलं. तो हुंदके देत देत, बोलता बोलता, बापाच्या मानेत कोसळून झोपला. आणि त्याच वेळी मावशीला आपल्या खांद्यावर ते ओळखीचं ओझं जाणवलं. पिटीचं डोकं एकदा डुललं, आणि तिने अंग टाकलं. झोपलेलं मूल जागं असतं त्यापेक्षा जड लागतं.

खडकाचं वळण समोर होतं. तिथून पुढे पाण्याचे तुषार उडत होते. त्या गर्जनेत कुठलंही मूल झोपून राहणं शक्य नव्हतं.

"मी दोघांना गाडीत नेतो," जावईबापू म्हणाले. "मावशींना बघू दे की."

"तुझ्याकडे दोन मिनिटं तरी राहतील का ती?" भाची म्हणाली. "ढब्बूला पट्टा लावताना उठवशील, आणि मग रात्रीपर्यंत रडणं ऐकत बसायचं." ती मावशीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हेच वाईट. लहानपणी दार उघडायला सांगताना जसा असे तसा अगदी निर्धास्त चेहरा होता. "मावशी..."

एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य लागलंच नाही.

मावशीने तोंड उघडलं होतं. मी जाणार, असं म्हणायला तिला कुणाची परवानगी नको होती. पण पिटीचा ऊन श्वास तिच्या मानेवर येत होता. अशी जबरदस्तीने जागी ठेवलेली, मग थकून पडलेली पोर आवाजाने दचकून उठली, तर ओकेपर्यंत रडते. आणि तिला जागी ठेवलं होतं मावशीने. ती मागे वळली.

जावईबापूंनी ढब्बूला तिच्या सूचनांप्रमाणे खुर्चीत ठेवलं, "सॉरी हं मावशी" म्हणाले, आणि खरोखर वाईट वाटलेल्या माणसासारखे क्षणभर घुटमळून बायकोकडे पळत गेले.

मावशी मधल्या टणक जागेवर बसली. एक हात ढब्बूच्या पोटावर, एक पिटीच्या. काचा बंद. तिला रडू आलं नाही, संताप आला. भाचीचा आला, पण तो पुरेना. कारण भाचीला हे शिकवलं कुणी? मावशी म्हणजे कुठेही न जाणारी वस्तू, तिला भूक नसते, तहान नसते, कंटाळा येत नसतो, हे त्या पोरीच्या डोक्यात घातलं कुणी? तान्ही होती तेव्हापासून मांडीवर थोपटून थोपटून मावशीनेच घातलं. तिची आई संध्याकाळी दारात आली की म्हणायची, "दमलीस का गं?" आणि मावशी म्हणायची, "छे, मला काय होतंय." ते खोटं पोरीने खरं मानलं. तिने दुसरं काय करावं? या विचाराने मावशीचा संताप कमी झाला नाही. उलट त्याला आता जायला जागाच राहिली नाही.

ती दोघं आली ती नखशिखान्त भिजून, लहान मुलांसारखी एकमेकांना ढकलत. गाडीजवळ येताच दोघांनी हसू दाबलं. भाचीने पुढचं दार आवाज न करता उघडलं, केस पिळले, आणि मागे वळून फोन मावशीच्या हातात दिला.

"तुझ्यासाठी घेतलाय व्हिडिओ," ती कुजबुजली. "अख्खा. थांब, आवाज बंद करते, नाहीतर उठतील."

मावशीने पिटीच्या पोटावरचा हात काढून फोन धरला. काळा कातळ होता. त्यावरून पाणी पडत होतं, पुष्कळ पाणी, एवढ्याशा काचेत. खाली भाची उभी होती आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होती. मावशी बघत राहिली. गाडीत फक्त मुलांचा श्वास ऐकू येत होता.

"कानठळ्या बसत होत्या गं अगदी," भाची म्हणाली.

पाणी पडायचं थांबलं. शेवटी जावईबापूंचे बूट दिसले आणि पडदा काळा झाला.

"झाला ना बघून?" भाचीने विचारलं, आणि फोन परत घ्यायला हात पुढे केला.